बारोलोच्या टेकड्यांतून गावोगाव पायी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीत द्राक्षमळ्यांतून चालत एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं, रात्री तिथेच मुक्काम करायचा आणि सकाळी पुन्हा निघायचं, असा बेत हल्ली बरेच मराठी लोक आखतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लांगे या भागापुरती आहेत.

लांगे नेमकं कुठे? आणि तस्कनी सोडून इथे कशाला जायचं?

इटलीच्या वायव्येला पिएमोंते प्रदेश आहे. त्याची राजधानी तुरीन. तिच्या दक्षिणेला आल्बा नावाचं टुमदार शहर आहे आणि त्याच्या भोवताली लांगेच्या टेकड्या पसरल्या आहेत. बारोलो आणि बार्बारेस्को या दोन नामांकित वाइन इथल्याच, त्याच नावांच्या गावांच्या. शेजारच्या रोएरो आणि मोन्फेर्रातोसकट इथल्या द्राक्षमळ्यांना २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

तस्कनी सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण तिथल्या व्हिया फ्रांचिजेना या जुन्या यात्रामार्गाचे टप्पे लांबलचक आहेत. सान जिमिन्यानो ते मोन्तेरिज्जोनी हा एकच टप्पा ३० किलोमीटरच्या आसपास भरतो. लांगेत एका गावाच्या चौकात उभं राहिलं की पुढची तीन-चार गावं समोरच्या धारांवर दिसतात. आज कुठे जायचं ते नकाशा न उघडता बोटाने दाखवता येतं. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

ठरलेला एकच मार्ग आहे का?

नाही. गावांना जोडणाऱ्या पायवाटांचं जाळं आहे. बहुतेक वाटांवर लाल-पांढऱ्या खुणा आणि बाणाच्या पाट्या असतात. त्यातून आपापला मार्ग बांधायचा. पाट्या अधूनमधून दगा देतात, विशेषतः मळ्यातली वाट दोन-तीन फाटे फोडते तिथे, म्हणून फोनवर ऑफलाइन नकाशा हवाच.

मला विचाराल तर सहा दिवस काढा आणि आल्बापासून सुरुवात करा. पहिल्या दिवशी आल्बाहून बार्बारेस्कोमार्गे नेइव्हे. दुसऱ्या दिवशी त्रेइझोवरून परत आल्बा. त्रेइझोजवळ रोक्के देई सेत्ते फ्रातेल्ली नावाची खोल घळ आहे. मऊ मळ्यांच्या मधोमध जमीन अचानक तुटलेली पाहून जरा दचकायला होतं. तिसऱ्या दिवशी ग्रिंझाने काव्हूरवरून सेर्रालुंगा. या टप्प्यात थोडं डांबरी रस्त्याने चालावं लागतं आणि हा सगळ्यात कमी देखणा दिवस आहे. घाई असेल तर ग्रिंझानेपर्यंत टॅक्सी करा, काही बिघडत नाही. चौथ्या दिवशी कास्तिल्योने फाल्लेत्तोवरून मोन्फोर्ते, पाचव्या दिवशी बारोलो आणि सहाव्या दिवशी ला मोर्रा. पायांत जोर उरला असेल तर पुढे व्हेर्दूनो.

तीनच दिवस असतील तर बार्बारेस्कोची बाजू सोडून द्या आणि सेर्रालुंगा ते ला मोर्रा एवढंच करा.

चढ कितपत आहे? सह्याद्रीत फिरण्याची सवय पुरेल?

सवय पुरून उरेल. राजगड किंवा हरिश्चंद्रगड चढलेल्या माणसाला इथे घाबरण्यासारखं काही नाही. कातळ नाही, दृष्टिभय नाही, दोर नाही. ला मोर्रा ५१३ मीटरवर आहे आणि बारोलो ३०० मीटरच्या आसपास, म्हणजे या दोघांतला चढ साधारण २०० मीटरचा. दिवसाला १० ते १५ किलोमीटर चाल होते.

दमवणारी गोष्ट वेगळीच आहे. गावं धारेवर वसलेली, त्यामुळे प्रत्येक वेळी पूर्ण खाली उतरायचं आणि पुन्हा पूर्ण वर चढायचं. शिवाय मळ्यात सावली नाही. द्राक्षवेल सावली देत नाही आणि इथल्या शेतकऱ्याने दक्षिणेकडच्या उतारावर एक फूटही झाडाला सोडलेला नाही.

दुसरी गोष्ट चिखलाची. इथली माती चुनखडीयुक्त चिकणमाती आहे. पाऊस पडून गेला की ती बुटाला थरावर थर चिकटते आणि पाय उचलेनासा होतो. अशा दिवशी मळ्यातली वाट सोडून गाडीरस्त्याने जाण्यात कमीपणा नाही. चांगल्या पकडीचे, घोट्यापर्यंतचे बूट आणा.

मग दिवसाची आखणी कशी करायची?

किलोमीटर विसरा, घड्याळ पाहा. इथे खरी अडचण चढाची नाही, बंद दारांची आहे.

दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते दोन. दोननंतर स्वयंपाकघर बंद, म्हणजे बंदच. मालकीण कितीही प्रेमळ असली तरी सव्वादोनला तुम्हाला कॉफीवर भागवावं लागतं. किराणा दुकान एकच्या सुमारास बंद होतं आणि दुपारी उशिरा उघडतं. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी नाही. प्रत्येक खानावळीचा आठवड्याच्या सुट्टीचा वार ठरलेला असतो आणि छोट्या गावात दोन खानावळींचा वार एकच निघाला तर त्या रात्री उपास. सोमवार ते बुधवार या दिवसांत हे हमखास घडतं. म्हणून मुक्काम ठरवताना आधी फोन करून विचारा : त्या दिवशी जेवण मिळेल ना?

साडेआठला निघा, साडेबाराला पुढच्या गावात पोहोचा, निवांत जेवा. दुपारी एखादी कांतीना, म्हणजे वाइनचं तळघर, पाहा. बस्स. चार तास चालायचं आणि बाकीचा दिवस गावाला द्यायचा. दुपारी आणखी एक गाव उरकायचा मोह आपल्याकडच्या लोकांना फार होतो. तो आवरता आला तर सहल चांगली होते.

कोणत्या महिन्यात जावं?

मे, जूनचा पहिला पंधरवडा, सप्टेंबर आणि ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन भाजून काढतं आणि १५ ऑगस्टच्या सणाच्या आसपास अर्धी इटली सुट्टीवर जाते. हिवाळ्यात बर्फ पडू शकतो आणि बऱ्याच राहण्याच्या जागा बंद असतात.

द्राक्षतोडणी पाहायची असेल तर क्रम लक्षात ठेवा : दोल्चेत्तो आधी, मग बार्बेरा आणि सगळ्यात शेवटी, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेब्बिओलो. बारोलो आणि बार्बारेस्को दोन्ही फक्त नेब्बिओलोच्या द्राक्षांपासून करतात. ऑक्टोबरमध्ये सकाळी दऱ्या धुक्याने भरतात आणि धारेवरची गावं तेवढी वर राहतात. पाच-सहा तासांनी धुकं विरतं, तोवर पानं पिवळी-तांबडी दिसू लागलेली असतात. गर्दी आणि दर दोन्ही याच महिन्यात सर्वाधिक असतात, कारण पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली उगवणाऱ्या सुगंधी बुरशीचा, हंगामही तेव्हाच.

लोकांच्या मळ्यातून असं चालत गेलं तर चालतं?

खूण केलेल्या वाटेवरून चालतं. पण ही बाग फिरायला ठेवलेली नाही, ते कुणाचं तरी शेत आहे, हे डोक्यात पक्कं असू द्या. घड तोडू नका, एकही नाही. बारोलोचा एक-एक तुकडा मोजून मापून नावानिशी नोंदलेला आहे. अशी अधिकृत नोंद असलेली १८१ नावं आहेत आणि कान्नुबी, ब्रुनाते, बुस्सिया अशा पाट्या तुम्हाला वाटेत दिसतील. तिथली द्राक्षं गंमत म्हणून तोंडात टाकणं म्हणजे चोरीच.

मे ते जुलै या काळात फवारणी चालू असते. ट्रॅक्टर फवारत येताना दिसला तर थांबा, त्याला जाऊ द्या आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा. फवारलेल्या ओळींतून हात घासत जाऊ नका. गवतात गोचीड असतात, म्हणून संध्याकाळी पाय तपासा.

सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो. रानडुकरामागे बंदुका घेऊन लोक जंगलाच्या कडेने फिरतात. त्या दिवसांत भडक रंगाचा शर्ट घाला. मंगळवारी आणि शुक्रवारी शिकारीला देशभर बंदी असते, त्यामुळे झाडीतून जाणारे टप्पे त्या वारी ठेवता आले तर उत्तम.

आम्ही नाशिकचे. द्राक्षबागा घरीच आहेत. तिथे वेगळं काय पाहायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण नाशिककराला इथे जे दिसेल ते मुंबईकराला दिसणार नाही.

नाशिकला थंडी एवढी पडत नाही की वेल पूर्ण झोपी जाईल. म्हणून आपल्याकडे दोनदा छाटणी करतात : एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्च. लांगेत निसर्गच वेलीला झोपवतो. पानं गळतात, हिवाळ्यात एकदाच छाटणी होते, वसंतात फूट येते आणि शरदात तोडणी. आपल्याकडचा मांडव किंवा वाय आकाराचा आधारही दिसणार नाही. इथे तारेवर आडवी बांधलेली एक लांब काडी आणि तिच्यातून सरळ वर वाढलेले फुटवे, असं वळण असतं.

जमीनही पाहा. सपाट मळे जवळपास नाहीत. नेब्बिओलो लवकर फुटते आणि फार उशिरा पिकते, म्हणून उन्हाचा सगळ्यात चांगला उतार तिचा. जिथे हिवाळ्यात बर्फ आधी वितळतो ती जागा नेब्बिओलोची, असं इथले जुने लोक सांगत आले आहेत. थंड उतारावर आणि खाली दरीत हेझलनटची झाडं. आणि हो, मोरचूद-चुन्याचा तो निळसर डाग पानांवर दिसला की घरची आठवण येईल. बोर्डो मिश्रण इथेही आहे.

वाइनमधलं काही कळत नाही. तळघरात गेलो तर हसं होईल का?

नाही होणार. पण न कळवता जाऊन उभं राहू नका. बहुतेक ठिकाणी आधी ईमेल करून वेळ घ्यावी लागते, चाखण्याचे पैसे पडतात आणि रविवारी अनेक घरगुती कांतीना बंद असतात. वेळ घेतलेली नसेल तर गावाच्या सामायिक वाइनघरात जा. बारोलोत ते किल्ल्यात आहे, बार्बारेस्कोत एका जुन्या चर्चमध्ये. तिथे पेल्याने वाइन मिळते आणि कुणाचं मन राखायला बाटली घ्यावी लागत नाही.

पहिल्यांदा चाखणार असाल तर थेट बारोलोवर उडी मारू नका. रंग फिकट, वास गुलाबपाकळ्यांचा आणि घोट घेतला की कच्च्या सुपारीसारखी तुरट पकड जिभेवर बसते, असा हा प्रकार. नेइव्हेच्या बाजूला मोस्कातो द्’आस्ती मिळते. ती गोडसर, फेसाळ आणि अल्कोहोल ५ टक्क्यांच्या आसपास. तिथून दोल्चेत्तो, मग बार्बेरा, मग नेब्बिओलो असे चढत जा. बारोलोत अल्कोहोल किमान १३ टक्के असावंच लागतं. नियमाप्रमाणे ती किमान ३८ महिने मुरवतात, त्यातले १८ लाकडात. बार्बारेस्कोला २६ महिने पुरतात.

तोंडातली वाइन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. ते वापरण्यात कसलाही अपमान नाही, आणि पुढे दोन तास उन्हात चढायचं असेल तर वापराच.

आमच्यात कुणीच पीत नाही. तरी जावं का?

खुशाल जा. किल्ले आहेत, चीज आहे, हेझलनट आहे. आल्बा हे फेर्रेरोचं गाव. कंपनी १९४६ मध्ये इथेच सुरू झाली आणि नुटेला १९६४ मध्ये इथूनच बाहेर पडलं. वारा योग्य दिशेचा असला तर शहरभर कोको आणि हेझलनटचा वास येतो. तळघरात सोबत्यांबरोबर जायचं असेल तर मी फक्त पाहणार आहे, असं वेळ घेतानाच कळवा.

शाकाहारी माणसाचं काय होतं तिथे?

अंडं चालत असेल तर मजेत राहाल. चालत नसेल तर थोडी कसरत आहे.

तायारीन हा इथला खास प्रकार : भरपूर पिवळ्या बलकाच्या बारीक शेवया. लोणी आणि सेजची पानं घालून मागा. अन्योलोत्ती देल प्लिन मात्र दिसायला निष्पाप असली तरी चिमटीत दाबलेल्या त्या पुरचुंडीत बहुधा मांस असतं. बान्या काउदा म्हणजे लसूण आणि तेलाची गरम चटणी, भाज्या बुडवून खायची. भाज्या पाहून फसू नका, त्यात अँकोव्ही मासे विरघळलेले असतात. व्हितेल्लो तोन्नातो म्हणजे वासराचं मांस आणि टुनाचा सॉस. कार्ने क्रूदा म्हणजे कच्चं मांस, तेही गोवंशाचं. गोमांस वर्ज्य असणाऱ्यांनी मेन्यूवरची ही दोन नावं पाठच करावीत.

अंडं नको असेल तर पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, आणि चीज, भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या, पालेभाज्या, ताजं रोबिओला चीज. रिसोत्तो, म्हणजे इथला मऊ भात, मागताना मांसाचा रस्सा वापरला आहे का ते विचारा. पन्ना कोत्ता हे सायीचं गोड पिएमोंतेचंच, पण त्यात प्राण्यांपासून केलेलं जेलाटिन असतं. बुनेत या चॉकलेटच्या गोडात आणि हेझलनटच्या केकमध्ये अंडी असतात. पार्मेजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, त्यामुळे अगदी कडक पाळणाऱ्यांनी तेही टाळावं. जैन जेवण मिळेल अशी आशा धरू नका. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि स्वतः शिजवा.

तोंडपाठ करायचं वाक्य : सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा अच्चूगे. मांस नको, मासे नकोत, अँकोव्ही नको.

खाकरा, चटणी, तूप नेता येईल?

खाकरा आणि कोरडी चटणी नेता येते. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून सामानात आणायला बंदी आहे. तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवा.

ट्रफल खावं का? फार महाग असतं म्हणतात.

महाग असतं. पांढरं ट्रफल ताटावर किसतात आणि ग्रॅमवर पैसे घेतात. किसण्याआधी आणि नंतर वजन करतात, म्हणून ग्रॅमचा भाव आधी विचारा आणि थांबा म्हणायला लाजू नका. ते शिजवत नाहीत, साध्या तायारीनवर किंवा तळलेल्या अंड्यावर कच्चंच घालतात. त्यामुळे शाकाहाऱ्यांच्या वाट्याला इथलं सगळ्यात राजेशाही जेवण येतं. ट्रफल शोधणारे लोक परवाना घेऊन, कुत्रा बरोबर घेऊन, बऱ्याचदा रात्रीच निघतात. पहाटे झाडीत बॅटरीचा उजेड दिसला तर कुठून आलात म्हणून विचारू नका. जागा कुणी सांगत नाही. इटलीतल्या या ट्रफलशोधाच्या परंपरेला २०२१ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशात घेतलं.

मळ्यांशिवाय वाटेत काय पाहावं?

सेर्रालुंगाचा चौदाव्या शतकातला किल्ला. उंच, अरुंद, शत्रूपेक्षा शेजाऱ्यांना दबकवण्यासाठी बांधल्यासारखा. ग्रिंझानेचा किल्ला काव्हूरच्या घराण्याचा. पुढे १८६१ मध्ये इटलीचा पहिला पंतप्रधान झालेला हा माणूस १८३२ ते १८४९ या छोट्या गावाचा महापौर होता.

बारोलो ते ला मोर्रा या वाटेवर, ब्रुनातेच्या मळ्यात, एक रंगीबेरंगी चॅपल लागतं. १९१४ मध्ये मळ्यातल्या कामकऱ्यांना गारपिटीत आडोसा म्हणून बांधलं, पुढे पडीक झालं. १९९९ मध्ये सोल लेविट या कलाकाराने बाहेरून आणि डेव्हिड ट्रेम्लेट याने आतून ते रंगवलं. फोटोत भडक वाटतं, हिरव्या ओळींमध्ये चालत येऊन पाहिलं की बरोबर वाटतं. ला मोर्राच्या चौकातल्या सज्जावरून सगळं बारोलो खोरं दिसतं, तिथे संध्याकाळी जा.

बार्बारेस्कोच्या मध्ययुगीन मनोऱ्याला लिफ्ट आहे. ठिकठिकाणी राक्षसी आकाराचे रंगीत बाक दिसतील. त्यातला पहिला क्रिस बँगल या मोटारींच्या डिझायनरने २०१० मध्ये क्लाव्हेसानात बसवला. मुलांना फार आवडतात, मला एक पुरे झाला.

आणि हे सगळं सुखवस्तू दिसतं म्हणून कायमच तसं होतं असं समजू नका. दुसऱ्या महायुद्धानंतरही हा भाग गरीब होता. तरुण टेकड्या सोडून कारखान्यांकडे जात होते. फेर्रेरोने गावोगाव बसगाड्या पाठवून कामगार आणले, त्यामुळे अनेकांना शेत सोडावं लागलं नाही. आल्बा शहर १० ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर १९४४ असे २३ दिवस पार्टिझान, म्हणजे फॅसिस्टविरोधी गनिमी, सैनिकांनी फॅसिस्टांकडून हिसकावून ताब्यात ठेवलं होतं. गावांच्या चौकांतल्या स्मारकांवर त्या काळातली नावं आहेत. बहुतेकांची वयं विशीतली.

सामान पाठीवर घेऊनच चालायचं का?

गरज नाही. राहण्याच्या जागेचे मालक किंवा स्थानिक टॅक्सीवाले बॅगा पुढच्या गावी पोहोचवतात, पैसे आधी ठरवा. पाठीवर पाणी, रेनकोट, टोपी एवढंच. चौकातल्या नळावर पाणी भरता येतं, फक्त ‘नोन पोताबिले’ लिहिलेलं असेल तिथे नाही. शेतावरच्या घरगुती मुक्कामाला अग्रितुरिस्मो म्हणतात, सकाळचा नाश्ता तिथे उत्तम असतो. बसच्या भरवशावर राहू नका, रविवारी तर नाहीच. टॅक्सी हात दाखवून थांबत नाही, फोनवर बोलवावी लागते. आणीबाणीचा क्रमांक ११२.

आई-बाबांना न्यायचं आहे. गुडघे कुरकुरतात.

न्या. बारोलोत किंवा मोन्फोर्तेत चार दिवस एकच मुक्काम करा. तुम्ही चाला, ते टॅक्सीने पुढच्या गावी येऊन जेवायला भेटतील. फक्त खोली गावाच्या वरच्या टोकाला घेऊ नका. मोन्फोर्तेचा जुना भाग दगडी आणि चांगलाच उभा आहे.

व्हिसा आणि पोहोचणं?

शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. रोज वेगळं गाव असल्यामुळे प्रत्येक रात्रीचं आरक्षण अर्जाला जोडा आणि दिवसवार तक्ता द्या. विमानाने मिलान किंवा तुरीन, तुरीनहून रेल्वेने सव्वा-दीड तासात आल्बा.

बारोलोच्या बाटल्या घरी आणता येतील?

भारतात येताना माणशी २ लिटरपर्यंत मद्यावर सीमाशुल्क लागत नाही. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या बसतात, तिसरीने मर्यादा ओलांडते. बाटल्या चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून ठेवा. घरी आल्यावर आडव्या ठेवा आणि मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात कपाटात विसरू नका. गार जागा नसेल तर जपून ठेवण्यापेक्षा उन्हाळ्याच्या आत उघडलेली बरी.